जर्मनीत नर्स म्हणून येताय? आधी तासांचा तक्ता मागा

"सहा महिन्यांत फॅमिली येईल, ताई," असं एजंटानं सांगितलं की त्याला एकच विचारा: हे सहा महिने कधीपासून मोजायचे? विमानातून उतरल्यापासून, की तुमच्या नर्सिंग शिक्षणाला जर्मन मान्यता मिळून ती हातात पडल्यापासून? तो विषय बदलून युरोचे रुपये करून दाखवायला लागेल.

भाषेबद्दल फार लिहीत नाही. जर्मनची बी-२ पातळी लागते हे तुम्हाला ठाऊक आहे. गोएथे इन्स्टिट्यूटच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं, प्रत्येकात शंभरपैकी ६० गुण लागतात, आणि एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. "तीन महिन्यांत बी-२" म्हणणाऱ्या क्लासना लांबूनच नमस्कार करा. तिथून पाठांतर करून आलेल्या मुली हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवतात तेव्हा, नुसती मान हलवतात, आणि वॉर्डात न कळता हलवलेली मान पेशंटच्या जिवावर बेतू शकते. पुस्तकातली जर्मन आणि स्टुटगार्टकडच्या आजोबांची श्वाबी बोली यांत पुणेरी आणि मालवणीइतकं अंतर आहे. पण कान सरावतो. माझा सरावला, तुमचाही सरावेल.

आता खरी गोम. नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा असो की बी.एस्सी., इथे पाय ठेवला म्हणून तुम्ही नर्स होत नाही. राज्याचं मान्यता कार्यालय तुमचं शिक्षण जर्मन शिक्षणाशी ताडून बघतं, विषयवार आणि तासवार. जिथे कमी पडलं त्याची यादी असलेलं पत्र येतं, त्याला डेफिझिटबेशाइड म्हणतात. मग दोन वाटा उरतात: हॉस्पिटलमध्ये राहून पूरक प्रशिक्षण, किंवा ज्ञानपरीक्षा, तोंडी आणि प्रत्यक्ष पेशंटवर. तोवर तुम्ही मदतनीस, आणि पगारही मदतनिसाचा.

माझ्या कॉलेजनं दिलेल्या ट्रान्स्क्रिप्टवर विषय होते, गुण होते, शिक्काही ठसठशीत होता. कुठल्या वॉर्डात किती तास काम केलं, ते मात्र कुठेच नव्हतं. एजंट म्हणाला, "सगळ्यांचं असंच जातं." जातं खरं. पण जे कागदावर नाही ते तुम्ही केलंच नाही, असं इथे धरतात. मेडिसिन वॉर्डातल्या रात्रपाळ्या, लेबर रूममधल्या धावपळी, सगळं शून्य. माझी यादी लांबली आणि प्रशिक्षणही लांबलं. इथून कॉलेजला फोन लावला तर उत्तर मिळतं, "स्वतः येऊन अर्ज द्या." आता पाळी सोडून सांगली जिल्ह्यात अर्ज द्यायला कोण जाणार?

म्हणून निघायच्या आधी, अजून तिथे आहात तोवर, कॉलेजच्या पायऱ्या झिजवा आणि तासांचा तक्ता मिळवा. प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास वेगळे, प्रॅक्टिकलचे वेगळे, आणि प्रॅक्टिकलचे वॉर्डनिहाय: मेडिकल, सर्जिकल, बालरुग्ण, मानसोपचार, कम्युनिटी. वृद्धांची शुश्रूषा केली असेल तर तिचे तास स्वतंत्र लिहून घ्या. ती मेडिसिनच्या तासांत दडलेली असते आणि इथे तिलाच वजन आहे, कारण २०२० पासून जर्मनीत सर्वसाधारण, बाल आणि वृद्ध शुश्रूषेचं शिक्षण एकत्र झालंय. प्रत्येक पानावर प्राचार्यांची सही आणि शिक्का हवा. अनुभवाच्या पत्रात "कामसू व प्रामाणिक" यापलीकडे वॉर्डचं नाव, तारखा आणि आठवड्याचे तास हवेत. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, तेही बघा.

२०२४ पासून ही कागदांची ताडणी सोडून थेट परीक्षेची किंवा प्रशिक्षणाची वाट धरता येते. ज्यांची जर्मन पक्की आहे त्यांनी जरूर विचार करावा. पण ताडणीच सोडली तर अनुभवामुळे मिळणारी सूटही गेली. "तक्ता कशाला, थेट परीक्षा दे," असा सल्ला देणाऱ्यानं स्वतः ती दिलीय का, एवढं विचारून घ्या.

एका कागदावर इतकं का अडून बसलेय? कारण तो लांबला की लेकरू लांबतं. मान्यतेआधी कुटुंब आणायचं तर सगळ्यांचं भागेल एवढं उत्पन्न आणि पुरेशी जागा दाखवावी लागते, साधारण माणशी १२ चौरस मीटर, सहा वर्षांखालच्या मुलाला १०; मान्यता मिळालेल्या नर्सला २०२४ पासून जागेची अट नाही, उत्पन्नाची मात्र आहे. हॉस्पिटलच्या वसतिगृहातल्या खोलीत ते बसत नाही. मदतनिसाच्या पगारात स्टुटगार्टकडे घर मिळणं दुरापास्त. त्यात नवरा भारतात असेपर्यंत कर एकटीच्या वर्गातून कापला जातो आणि मूल भारतात असेपर्यंत किंडरगेल्ड, म्हणजे मुलासाठीचा सरकारी भत्ता, नाही. म्हणजे घर दोन ठिकाणी, आणि खर्चही दोन्हीकडे. त्यात पतसंस्थेत आईच्या पाटल्या गहाण असतील तर व्याज तिकडे चालूच. परदेशी भरतीच्या नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि जीएसटी, एवढंच घेता येतं. लाखांचा आकडा सांगणाऱ्याचं नाव भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का, ते तपासा.

"आई आहे, त्याग करतेय" म्हणून घरचे कौतुक करतात तेव्हा मला थोडा रागच येतो. त्यागाचं नाव घेतलं की हिशोब कुणी विचारत नाही. हिशोब विचारा, आणि नवऱ्याला शेजारी बसवून विचारा.

मुलाशी बोलण्याचंही वेळापत्रक आधीच ठरवा. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. दुपारपाळी रात्री नऊला संपते तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. त्या आठवड्यात माझ्या मुलाची शाळा सुटायची वेळ आणि माझी ड्यूटीला निघायची वेळ एकच. तो दप्तर पाठीवरच ठेवून फोन घेतो, सासूबाई मागून त्याच्या तोंडात घास कोंबतात, आणि मी ट्रामच्या थांब्यावर. पाच मिनिटांत अर्धा वेळ "आवाज येतोय का?" यातच जातो. तरी तो फोन चुकवू नका.

कामाबद्दल एवढंच: आपल्याकडे पेशंटला अंघोळ घालायला मावशी असतात, जेवण भरवायला नातेवाईक. इथे दोन्ही नर्सचंच काम, मान्यता मिळाल्यावरही. आणि सलाईनची सुई, जी आपण डोळे मिटून लावायचो, ती बऱ्याच ठिकाणी डॉक्टर लावतात. पहिले काही महिने हे फार लागतं. मग एखादी आजी केस विंचरून झाल्यावर हात सोडत नाही, आणि जरा बरं वाटतं.

अडलं तर आधी केरळच्या जुन्या सिस्टरना गाठा. १९६० च्या दशकापासून त्या इथे येताहेत, कुठल्या कार्यालयात काय चालतं हे त्यांना तोंडपाठ. गणपतीत भेटणारे आपले आयटीवाले मनानं चांगले, मोदकही देतात, पण त्यांना ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांचा तो खास परवाना, त्यापलीकडचं जग माहीत नसतं.

माझी मान्यता आली. घर शोधणं चालू आहे. नवरा फिटर आहे, सध्या सांगलीत जर्मन शिकतोय. त्याच्या आयटीआयचे कागद न्यूर्नबर्गच्या आयएचके फोझाकडे, म्हणजे अशा परदेशी शिक्षणाला मान्यता देणाऱ्या कार्यालयाकडे, जातील. आयटीआयच्या क्लार्ककडे तो गेले काही सोमवार तासांच्या तक्त्यासाठी चकरा मारतोय.