स्पार्टाच्या मेसमध्ये नाव कसं लावायचं आणि कसं टिकवायचं

समजा, तुम्ही इ.स.पू. पाचव्या शतकातले विशीतले स्पार्टन आहात. लहानपणापासूनचं खडतर प्रशिक्षण पार पडलंय, पण मेसमध्ये नाव लागल्याशिवाय तुम्ही पुरते नागरिक नाही. मेसला इथे फिदितिया म्हणतात. एकीत साधारण पंधरा जण.

पोरवयातच या पंगतींना जाऊन बसायला लागा. थट्टा होईल, ती झेला. अगदीच सोसवेना तर तसं सांगा, समोरचा थांबतो. आत शिरताना सर्वांत ज्येष्ठ माणूस दाराकडे बोट दाखवून बजावतो, की इथला शब्द या दारातून बाहेर जाता कामा नये.

मग मतदान. वाढपी डोक्यावर भांडं घेऊन फिरतो. प्रत्येक जण भाकरीच्या गराचा गोळा त्यात गुपचूप टाकतो. नकार असेल तर गोळा मुठीत दाबून चपटा करतो. एकच चपटा निघाला तरी तुम्ही बाद. इथे बहुमत चालत नाही.

नाव लागलं की दरमहा शिधा: एक मेदिम्नोस (धान्याचं माप) जवाचं पीठ, आठ खूस (द्रवाचं माप) वाइन, पाच मिना (वजनाचं माप) चीज, अडीच मिना अंजीर आणि तोंडीलावण्यासाठी थोडे पैसे. मेदिम्नोस अथेन्सचा धरलात तर फसाल. तो सुमारे 52 लिटरचा. स्पार्टाचं माप त्याहून बरंच मोठं. हे सगळं तुमच्या जमिनीतून यायला हवं, आणि ती कसतात हेलोट, म्हणजे स्पार्टाचे गुलामासारखे राबणारे शेतकरी. वाटण्यांनी जमीन तुकड्यातुकड्यांची झाली की शिधा थकतो, शिधा थकला की नागरिकत्व जातं. क्रीट या ग्रीक बेटावर अशाच पंगतींचा खर्च सार्वजनिक उत्पन्नातून व्हायचा, म्हणून तिथे गरीबही पंगतीत राहायचा. तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने स्पार्टाचा दोष काढला तो इथेच. इ.स.पू. 371 मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईत थीब्सकडून हरल्यावर स्पार्टाने जिंकलेल्या मेसेनिया प्रांताची जमीनही गेली; ॲरिस्टॉटलच्या काळापर्यंत नागरिक हजाराच्या आत आले होते.

मेसमधल्या नेहमीच्या काळ्या रश्श्यात मांस कमी मिळेल ही भीती नको. म्हातारे रस्सा ओरपतात आणि मांस तरुणांकडे सरकवतात. परतताना मशाल घेऊ नका, अंधारातच चालायचं.

गैरहजेरी फक्त यज्ञ किंवा शिकारीला उशीर झाला तरच चालते. तेव्हाही पंगतीला वाटा पाठवावा लागतो. अथेन्सला हरवून आलेल्या आगिस राजाने बायकोबरोबर जेवायचं म्हणून आपला वाटा घरी मागवला. सेनाधिकाऱ्यांनी दिला नाही. रागाने दुसऱ्या दिवशी त्याने ठरलेला यज्ञ टाळला, तर उलट त्यालाच दंड भरावा लागला.