हायरोग्लिफची कोडी मुलांसाठी तयार करताना या चुका टाळा

हायरोग्लिफ म्हणजे प्राचीन इजिप्तची चित्रलिपी. इंटरनेटवर तिचा ‘इजिप्शियन एबीसीडी’ नावाचा तक्ता सहज मिळतो. ए म्हणजे गिधाड, बी म्हणजे पाय, असे झेडपर्यंत. तो छापून त्यावरून कोडे केले की निम्मे घोटाळे तिथेच सुरू होतात. प्राचीन इजिप्शियनमध्ये एका व्यंजनासाठी एक अशी साधारण 24 चिन्हे आहेत आणि ती ध्वनीची आहेत, इंग्रजी स्पेलिंगची नव्हेत. स्वर लिहायची पद्धत नव्हती, फक्त परक्या नावांत काही चिन्हे स्वरांसाठी वापरत.

‘शरद’ हे नाव त्या तक्त्यावरून लिहिले तर एस-एच-ए-आर-ए-डी अशी सहा चिन्हे होतात, आणि वाचणाऱ्याला ‘सहअरअद’ असे काहीतरी मिळते. मराठीतून थेट गेलात तर तीनच चिन्हे पुरतात: तळे (श), तोंड (र), हात (द). ‘श’साठी स्वतंत्र चिन्ह आहे. च आणि ज यांच्या जवळचे ध्वनीही आहेत: जनावर बांधायची दोरी आणि नाग. या बाबतीत मराठी मुलांचे काम इंग्रजी माध्यमाच्या तक्त्यापेक्षा सोपे आहे.

पण ‘शारदा’ लिहिले तरी तळे, तोंड, हातच येतात. मुले इथे अडतात, कारण आपल्या अक्षरात ‘अ’ दडलेला असतो आणि ती प्रत्येक चिन्ह ‘अ’ लावूनच वाचतात. ही अडचण लपवू नका, तिचेच कोडे करा. नावाच्या शेवटी बसलेला पुरुष काढला तर शरद, बसलेली स्त्री काढली तर शारदा. या शेवटच्या चिन्हाचा उच्चार होत नाही, ते फक्त अर्थ सांगते. खऱ्या लेखनातही असेच चाले.

पक्ष्यांची गल्लत ठरलेलीच. गिधाड, घुबड (म) आणि लाव्याचे पिल्लू (व किंवा उ) लहान आकारात छापले की सारखेच दिसतात. ओळखायची खूण: फक्त घुबडाचा चेहरा समोर असतो, बाकीचे दोघे बाजूला बघतात, पिल्लू गोलमटोल, पंख इवलासा. कार्ड 5 सेंटिमीटरपेक्षा लहान नको. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना पहिल्या फेरीत सहाच चिन्हे द्या, आणि त्यात पक्षी एकच ठेवा.

दिशेकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. माणसे-प्राणी ज्या बाजूला तोंड करून असतात, तिकडून वाचायला सुरुवात करायची. एका ओळीत सिंह डावीकडे आणि गिधाड उजवीकडे बघत असेल तर ते कोडे सुटणारच नाही. उलट्या ओळीचे कोडे हवे असेल तर अख्खी ओळ ट्रेसिंग पेपरवर उतरवून कागद पालथा करा. एकेक चिन्ह उलटे काढू नका, एखादे हमखास राहते.

सगळ्यात चांगले कोडे म्हणजे फ्रेंच अभ्यासक शांपोल्यॉने 1822 मध्ये सोडवले तेच: टॉलेमी आणि क्लिओपात्रा या इजिप्तच्या ग्रीक वंशाच्या राजा-राणीची नावे, लांबट वेटोळ्यात, म्हणजे कार्टूशमध्ये. पण मुलांना ‘टॉलेमी’ सांगितले तर ती सुरुवातीला ‘ट’ शोधतात आणि सापडते स्टूल, म्हणजे ‘प’. म्हणून ग्रीक रूपेच द्या: प्तोलेमाइओस, क्लेओपात्रा. दोन्हीत समान चिन्हे तीन: स्टूल (प), दोरीचा फास (ओ), सिंह (ल). पहिल्या नावात ती पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या जागी. दुसऱ्यात सिंह दुसरा, फास चौथा, स्टूल पाचवे. हे जुळले की बाकीचे धडाधड सुटते.

तरी दोन जागी मुले हटकून थांबतात. ‘त’ एका नावात पाव आहे, दुसऱ्यात हात. एका ध्वनीला दोन चिन्हे चालत, हे आधीच सांगून टाका. क्लिओपात्राच्या शेवटी उरणारे पाव आणि अंडे ही स्त्रीच्या नावाची खूण, वाचायची नाही. आणि टॉलेमीतला ‘म’ घुबडाचा नाही, आडव्या पट्टीसारखे वेगळे चिन्ह आहे. तक्ता बघून ते ‘दुरुस्त’ करू नका. ही लिपी उलगडायला जिची मदत झाली त्या रोझेटा शिळेवर टॉलेमीचे लांब कार्टूशही आहे, त्यात नावापुढे ‘चिरंजीव, प्ताह देवाचा लाडका’ अशी बिरुदे येतात. मुलांसाठी आखूड घ्या.

तुतनखामेन या इजिप्तच्या राजाचे नाव लगेच देऊ नये. कार्टूशमध्ये देवाचे नाव मानाने आधी लिहितात, म्हणून आमून-तुत-अंख असा क्रम दिसतो. शिवाय ‘मन’ या दोन व्यंजनांना मिळून एकच चिन्ह आहे, आणि शेवटी बिरुदाची तीन चिन्हे उरतात. मुले समजतात आपलेच चुकले. दहा-अकरा वर्षांच्या गटाला तीन-चार कोडी झाल्यावर द्यायला हरकत नाही.

छपाईत चित्रांच्या जागी रिकामे चौकोन आले तर संगणकात फॉन्ट नाही असे समजा. ही चिन्हे 2009 पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण यादीत आहेत. ‘नोटो सॅन्स इजिप्शियन हायरोग्लिफ्स’ हा मोफत फॉन्ट टाका, आणि दुकानात फाइल देताना पीडीएफच द्या, नाहीतर तिथल्या संगणकावर पुन्हा चौकोनच दिसतील.