यामाहा, कॉर्ग की कॅसिओ? अरेंजर शिकताना या चुका टाळा

ठाण्यात गणपती जवळ आले की वाजवणाऱ्यांच्यात हाच वाद, अरेंजर, म्हणजे डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दाबली की ताल-बेसची साथ आपोआप वाजवणारा कीबोर्ड, कुठल्या ब्रँडचा शिकायला सोपा. वाद घालणारे निम्मे पेटीवरून आलेले, म्हणजे उजवा हात पळतो पण डाव्या हाताने आयुष्यभर भाताच मारलाय, मग त्यांना कुठलाही अरेंजर सुरुवातीला जडच जाणार ना!

सगळ्यात मोठी चूक एका बोटाच्या कॉर्डवर, म्हणजे पूर्ण कॉर्ड न दाबता शॉर्टकटवर शिकणं. कॅसिओवर एक पट्टी दाबली की मेजर कॉर्ड, उजवीकडची अजून कुठलीही एक दाबली की मायनर, दोन दाबल्या की सेव्हन्थ. यामाहाच्या मल्टी फिंगर या शॉर्टकट मोडमध्ये दिशाच उलटी, मायनरला डावीकडची जवळची काळी, सेव्हन्थला डावीकडची पांढरी. आता घरी कॅसिओवर हात बसलेला माणूस मंडळाच्या यामाहावर बसला की मायनरच्या जागी भलतंच वाजतं आणि शिव्या मशीनला. सरळ फिंगर्ड मोड लावा, त्यात कॉर्डचे सगळे सूर स्वतः दाबायचे, सी-ई-जी दाबलं की सगळीकडे सी मेजरच.

रिदम चालू आहे पण बेस-कॉर्ड येत नाहीत? बिघाड नाही, साथीचं बटण बंद असेल, यामाहावर त्याचं नाव एसीएमपी, कॅसिओवर अकम्प. चालू असूनही कॉर्ड बदलत नसेल तर हात स्प्लिट पॉइंटच्या, म्हणजे कॉर्डचा डावा भाग जिथे संपतो त्या पट्टीच्या पलीकडे गेलाय.

यामाहाचे मेन ए बी सी डी आणि कॉर्गचे व्हेरिएशन 1 ते 4, म्हणजे एकाच स्टाइलचे (तयार साथीचे) चार प्रकार, हे एका बैठकीत जमतं. डोकं खातं ते सेव्हिंग. यामाहाच्या एसएक्स मॉडेलमध्ये रजिस्ट्रेशनच्या (सेटिंग लक्षात ठेवणाऱ्या) बटणात सेटिंग टाकलं पण बँक, म्हणजे त्या बटणांचा संच, सेव्ह न करता दुसरी बँक उघडली की गेलं सगळं. कॉर्गच्या पीए मॉडेलमध्ये साँगबुक आहे, गाण्याच्या नावाने एंट्री करायची, स्टाइल, टेम्पो, ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणं) सगळं त्यात. शिकायला किचकट आहे, पण स्टेजवर गाणं नावाने सापडतं, त्यामुळे माझ्या मते ऑर्केस्ट्रावाल्यांनी कॉर्गची कटकट सोसावी, घरी एकट्याने शिकणाऱ्यांनी यामाहा घ्यावा.

पेनड्राइव्हवर लावणी-केहरव्याच्या स्टाइल विकत घेताना ब्रँड विचाराच, दोन्हीकडे फाइलच्या नावाअखेर एसटीवायच (STY) लिहिलेलं असतं पण यामाहाची फाइल कॉर्गवर तशीच चालत नाही.

आणि हो, गायिकेसाठी काळी चारला (तिच्या गाण्याच्या पट्टीला) लावलेला ट्रान्सपोज पुढच्या गाण्याआधी शून्यावर आणा, वाशीच्या भावे नाट्यगृहात सूर जुळेना म्हणून बासरीवाल्याने सगळ्यांसमोर वळून बघण्याआधी.