स्फटिक लावण्यापासून ग्रीड गोठवण्यापर्यंत: रचना-जीवशास्त्रात हात बसवताना

रचना-जीवशास्त्रात, म्हणजे प्रोटीनसारख्या रेणूंची त्रिमितीय रचना शोधण्याच्या शास्त्रात, पीएचडीला लागलेल्या विद्यार्थ्याचा डोळा पहिल्या दिवसापासून मोठ्या यंत्रांवर असतो: बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्रायो-ईएम (गोठवलेला नमुना बघणारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी) सुविधेतला टायटन क्रिऑस हा सूक्ष्मदर्शक, स्फटिकांवर प्रखर क्ष-किरण सोडणारी इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवरची बीमलाइन. पण रचना मिळणार की नाही याचा निकाल बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, कोल्ड रूममध्ये शुद्धीकरणाच्या कॉलमवरून प्रोटीन उतरवतानाच लागलेला असतो. म्हणून सुरुवात तिथूनच.

आधी प्रोटीन

एसडीएस-पेज जेलवर (प्रोटीन आकारानुसार वेगळी करणारी चाचणी) एकच पट्टी दिसली म्हणजे काम झालं असं नाही. त्या जेलमध्ये प्रोटीन उलगडलेलं असतं. द्रावणात ते सुटं सुटं आहे की त्याचे गठ्ठे झाले आहेत, हे त्यावरून कळत नाही. म्हणून शुद्धीकरणाची शेवटची पायरी नेहमी साइज-एक्सक्लूजन कॉलमची ठेवा; त्यातून मोठे कण आधी आणि लहान नंतर बाहेर पडतात. सुपरडेक्स २०० च्या २४ मिलिलिटर कॉलमवर साधारण ८ मिलिलिटरला काही बाहेर पडलं, तर ते गठ्ठे आहेत. मुख्य शिखर उभं आणि दोन्ही बाजूंनी सारखं हवं. त्यातलेही मधलेच फ्रॅक्शन (कॉलममधून गोळा केलेले वाटे) घ्या. कडेचे घेऊन उत्पादन वाढतं, पण स्फटिक बिघडतात.

बफर शक्य तितका साधा ठेवा: १० ते २० मिलिमोलर हेपेस किंवा ट्रिस, १०० ते १५० मिलिमोलर मीठ. फॉस्फेट टाळा. स्क्रीनमधल्या (स्फटिक शोधायला लावलेल्या वेगवेगळ्या द्रावणांच्या संचातल्या) कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याची गाठ पडली की क्षाराचे सुंदर स्फटिक येतात आणि दोन आठवडे त्यांच्या मागे जातात. उरलेलं प्रोटीन ५० मायक्रोलिटरच्या वाट्यांनी द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवू नका.

वाट कोणती धरायची? ढोबळमानाने ५० किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं एकक) आतलं, घट्ट घडीचं प्रोटीन असेल तर स्फटिक. १५० च्या वरचं संकुल असेल तर सरळ क्रायो-ईएम. पेशीपटलातली प्रोटीनंही आता आधी क्रायो-ईएमलाच न्यावीत. मधल्या आकारात दोन्ही करून बघावं लागतं.

लायसोझाइमचा ट्रे

नव्या प्रोटीनला हात लावण्याआधी कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमचा एक ट्रे लावाच. रचना उलगडलेलं हे पहिलं एन्झाइम. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने १९६५ मध्ये ती प्रसिद्ध केली. पावडर स्वस्त मिळते आणि स्फटिक सहसा एका रात्रीत येतात, त्यामुळे चूक कुठे झाली ते दुसऱ्याच दिवशी कळतं.

२४ खणांचा ट्रे घ्या. सहा स्तंभांत ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ४.६, आणि त्यात ३, ४, ५, ६, ७, ८ टक्के मीठ. प्रत्येक खणात ५०० मायक्रोलिटर. चार ओळींसाठी लायसोझाइम २०, ३०, ४० आणि ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. सगळी द्रावणं ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळलेली हवीत. प्रोटीन लावण्याआधी दहा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये पूर्ण वेगाने फिरवा. खणाच्या कडेवर ग्रीसचं कडं काढा, पण थोडी फट सोडा, म्हणजे झाकताना हवा बाहेर पडेल. सिलिकॉनचा लेप असलेल्या कव्हरस्लिपवर १ मायक्रोलिटर प्रोटीन आणि त्याच खणातलं १ मायक्रोलिटर द्रावण ठेवा. पिपेट शेवटपर्यंत दाबू नका, बुडबुडा येतो. स्लिप उलटी करून बसवा, जराशी फिरवून फट बंद करा. ट्रे २० अंश सेल्सिअसला ठेवा आणि उचलून बघायचा मोह आवरा.

थेंबात मीठ खणाच्या निम्मं असतं. त्यामुळे वाफेच्या वाटेने पाणी हळूहळू खणात जातं आणि थेंब घट्ट होत जातो. कमी मिठाकडे थेंब स्वच्छच राहतील, मध्ये मोजके मोठे स्फटिक दिसतील आणि टोकाला बारीक स्फटिकांचा सडा पडलेला असेल. बीज धरण्यासाठी लागणारी तीव्रता आणि वाढीसाठी लागणारी तीव्रता वेगळी असते, हे या एका ट्रेवर डोळ्यांनी दिसतं. पुढे प्रत्येक प्रोटीनसाठी हाच नकाशा शोधायचा असतो.

नव्या प्रोटीनसाठी ९६ खणांचं तयार स्क्रीन, साधारण १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरने. बहुतेक थेंब स्वच्छ राहिले तर तीव्रता दुप्पट करा. बहुतेकांत तपकिरी गाळ बसला तर निम्मी. निम्म्याच्या आसपास थेंबांत गाळ आला, तर तीव्रता बरोबर आहे. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी प्रत्येक थेंब बघून नोंद ठेवा. नोंद नसली तर महिन्यानंतर दिसलेला स्फटिक कधी आला हेच सांगता येत नाही.

स्फटिक मिठाचा की प्रोटीनचा? सुईने हलकेच दाबा. प्रोटीनचा चुरा होतो, कारण त्याचा बराचसा भाग पाणीच असतो. क्षाराचा कडक लागतो. मिथिलीन ब्लू प्रोटीनच्या स्फटिकात शिरून त्याला निळा करतो. खात्री मात्र क्ष-किरणांखालीच होते: क्षाराचे ठिपके मोजके, ठळक आणि एकमेकांपासून दूर पडतात, प्रोटीनचे दाटीने पडतात.

स्फटिक लहान किंवा चिकटलेले असतील तर काही मोडून बारीक करा, त्यांचं १:१००, १:१०००, १:१०००० असं पातळ द्रावण करा आणि कमी तीव्रतेच्या थेंबात त्याचं बीज टाका. बरेचदा यानेच काम होतं, आणि नवे विद्यार्थी नेमकं हेच करायला उशीर करतात.

गोठवण्याआधी स्फटिक २० ते २५ टक्के ग्लिसरॉल मिसळलेल्या मूळ द्रावणात काही सेकंद बुडवा आणि त्याच्याच मापाच्या लूपने उचलून द्रव नायट्रोजनमध्ये टाका. क्ष-किरणांच्या चित्रात ३.९, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमला (मीटरचा एक हजार कोटींवा भाग) कडी दिसली तर बर्फ झालाय, ग्लिसरॉल वाढवा. गोठवलेले सगळेच स्फटिक निकामी निघाले तर स्फटिकांना दोष देण्याआधी एक साध्या तापमानाला, न गोठवता बघा. तिथे ठिपके चांगले आले तर घोळ गोठवण्यात आहे.

डिटेक्टरला क्ष-किरणांची फक्त तीव्रता कळते, फेज (लहरींचं एकमेकींच्या तुलनेतलं मागेपुढे असणं) कळत नाही, आणि रचना काढायला दोन्ही लागतात. हल्ली अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने भाकीत केलेलं मॉडेल, त्यातले ७० पेक्षा कमी विश्वासांकाचे भाग कापून, मॉलिक्युलर रिप्लेसमेंटला (ओळखीच्या मॉडेलवरून फेज काढण्याच्या पद्धतीला) लावलं की बहुतेकदा वाट सापडते. नाही सापडली तर सेलेनोमेथिओनिन (सेलेनियम असलेलं अमिनो आम्ल) घातलेलं प्रोटीन बनवून ०.९७९ अँगस्ट्रॉमच्या आसपास डेटा घ्यावा लागतो. अशा असंगत विकिरणातून (काही अणू क्ष-किरण वेगळ्या रीतीने विखुरतात त्यातून) फेज काढण्याच्या मुळाशी मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि एस. रामन यांनी १९५६ मध्ये केलेलं काम आहे. ते प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याने आवर्जून वाचावं.

ग्रीडची बाजू

क्रायो-ईएमसाठी नमुना ग्रीडवर, म्हणजे छोट्या धातूच्या जाळीवर, ठेवतात. त्याआधी निगेटिव्ह स्टेन करा, म्हणजे कणांभोवती जड धातूचा रंग भरून ते न गोठवता बघा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचे महिने वाचवतं. कार्बनचा थर असलेली तांब्याची ग्रीड ३० सेकंद ग्लो डिस्चार्ज करा, म्हणजे विद्युतभारित वायूने तिचा पृष्ठभाग पाणी धरेल असा करा. तिच्यावर ०.०१ ते ०.०५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं ३ मायक्रोलिटर प्रोटीन ठेवा, एक मिनिट थांबा, कडेने फिल्टर पेपर लावून टिपा. पाण्याचे दोन थेंब, मग २ टक्के युरॅनिल ॲसिटेट, पुन्हा टिपा आणि वाळवा. बफरमध्ये फॉस्फेट असेल तर युरॅनिलचा साका बसतो. युरॅनिल विषारी आणि किरणोत्सारी आहे. हातमोजे घाला आणि कचरा वेगळ्या बाटलीत टाका. एकसारख्या आकाराचे सुटे कण दिसले तरच पुढे जा. तुकडे आणि गठ्ठे दिसले तर कॉलमकडे परत.

क्रायोसाठी १.२/१.३ छिद्रांची (छिद्र १.२ आणि मधलं अंतर १.३ मायक्रॉन) क्वांटिफॉइल ग्रीड, ग्लो डिस्चार्जनंतर अर्ध्या तासाच्या आत वापरायची. व्हिट्रोबॉट (ग्रीड टिपून गोठवणारं यंत्र) ४ अंश आणि १०० टक्के आर्द्रतेवर ठेवा. प्रोटीन ०.५ ते ३ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, थेंब ३ मायक्रोलिटर, टिपण्याचा वेळ ३ ते ६ सेकंद. गोठवायचं ते द्रव इथेनमध्ये. नायट्रोजन उकळून ग्रीडभोवती वाफेचं आवरण धरतो, थंडावा पुरेशा वेगाने पोचत नाही आणि पाण्याचे स्फटिक होतात. इथेन उणे १८३ अंशांना गोठतं, म्हणून भांड्याच्या कडेला पांढरी साय धरू लागली की तापमान बरोबर समजा. ते ज्वालाग्राही आहे. आसपास ठिणगी नको. यानंतर ग्रीड उणे १४० अंशांच्या वर एक क्षणही जाता कामा नये. चिमटा आधी नायट्रोजनमध्ये गार करून घ्या आणि भांड्यावर श्वास सोडू नका. ग्रीडवर दिसणारे बर्फाचे खडे बरेचदा आपल्याच श्वासातले असतात.

कण छिद्रात दिसतच नसतील तर ते कार्बनला चिकटलेत. तीव्रता वाढवा किंवा सोन्याची फिल्म वापरा. सगळे एकाच अंगाने पडले असतील, तर ते हवा-पाण्याच्या सीमेवर जाऊन बसले आहेत. गोठवण्याच्या अगदी आधी ८ मिलिमोलर चॅप्सो (CHAPSO, एक डिटर्जंट) घालून बघा. त्यानेही जमलं नाही तर ग्रीड ३० अंश कलती ठेवून डेटा घ्या. बर्फ जाडसर होतो, पण नकाशा एका दिशेने ताणलेला येत नाही.

डेटा घेताना एकूण मात्रा प्रति चौरस अँगस्ट्रॉम ४० ते ५० इलेक्ट्रॉन आणि डिफोकस उणे ०.८ ते उणे २.२ मायक्रॉनच्या दरम्यान ठेवा. कण निवडताना ओळखीच्या रचनेचा बारीक तपशिलाचा साचा वापरू नका. निव्वळ गोंगाटातूनसुद्धा तोच साचा परत उगवतो. साचा २० अँगस्ट्रॉमपर्यंत धूसर करा, किंवा आधी साच्याशिवाय निवडा.

डेटाच्या दोन अर्ध्यांतून स्वतंत्र नकाशे काढून ते किती जुळतात याचा आलेख करतात; तो ०.१४३ च्या रेषेखाली जातो तिथला तपशिलाचा आकडा (रेझोल्यूशन) सांगतात. फक्त त्या आकड्यावर विसंबू नका. ३ अँगस्ट्रॉम म्हणवणाऱ्या नकाशात बहुतेक साखळीभर बाजूच्या शृंखला स्पष्ट दिसल्या पाहिजेत, हेलिक्सचे फक्त दांडके नव्हे. सार्वजनिक संग्रहांत जमा करताना ईएमडीबीमध्ये (नकाशांचा संग्रह) दोन्ही अर्धे नकाशे, पीडीबीमध्ये (रचनांचा संग्रह) मॉडेल, आणि सूक्ष्मदर्शकाच्या मूळ मूव्ही एम्पायरमध्ये (EMPIAR, मूळ प्रतिमांचा संग्रह) टाका. स्फटिकाचा डेटा असेल तर न मिसळलेल्या परावर्तनांची फाइलही द्या.