एच-वन-बीवर नोकरी किंवा गाव बदलताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं व्हीटीयूची, म्हणजे इथल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची, डिग्री घेऊन अमेरिकेत जातात, तिथं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर लागतात आणि चांगली ऑफर आली की इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडावी तसा राजीनामा टाकून मोकळी होतात. घोळ तिथंच होतो. हा व्हिसा अमुक कंपनीत, अमुक कामासाठी, अमुक ठिकाणी असा बांधलेला असतो.

ऑफर लेटर आलं म्हणजे काम झालं असं समजू नका. नव्या कंपनीनं तुमच्यासाठी भरलेला अर्ज यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, पोचला, की नव्या जागी रुजू होता येतं. मंजुरीपर्यंत थांबायची सक्ती नाही. तरी माझं स्पष्ट मत, जमत असेल तर मंजुरी हातात येईपर्यंत जुनी नोकरी सोडू नये. अर्ज फेटाळला गेला तर जुनीही नाही आणि नवीही नाही.

नोकरी गेलीच तर पुढची सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची सरकारी नोंद, त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. शनिवार-रविवार त्यातच धरायचे. कंपनीनं निरोप देताना दोन-तीन महिन्यांचा पगार दिला म्हणून ही मुदत वाढत नाही, आणि नेमकं याच भरवशावर पोरं निवांत बसतात. त्यात नव्या कंपनीचा वकील सगळ्या सेमिस्टरची मार्क्सकार्डं मागतो. ती असतात इकडं घरच्या कपाटात, एखादं गहाळ झालेलं. मग वडिलांना मच्छेला व्हीटीयूत हेलपाटे. सगळं आधीच स्कॅन करून ठेवा. पगाराच्या स्लिपाही दर महिन्याला उतरवून घ्या, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचं लॉगिन बंद होतं.

गाव बदलण्याची चूक तर चूक वाटतच नाही. कंपनी तीच, पगार तोच, लॅपटॉप तोच. घरून काम आहे म्हणून न्यू जर्सी सोडून मित्राजवळ डॅलसला राहायला जायचं. पण तुमचा किमान पगार त्या त्या भागाच्या दरावर ठरवून अर्ज भरलेला असतो. इमिग्रेशन खात्याच्या अपील कार्यालयानं सिमिओ कंपनीच्या प्रकरणात दिलेल्या २०१५ च्या निकालापासून हे पक्कं आहे, की ठरलेल्या महानगर परिसराबाहेर कामाची जागा हलली तर कंपनीला सुधारित अर्ज भरावा लागतो, तोही हलण्याआधी. त्याच परिसरात ऑफिस बदललं तर तो लागत नाही, तरी कंपनीला कळवाच. सरकारी तपासनीस कामाच्या जागी येऊन चौकशी करतात. आधीच हलला असाल तर लपवू नका, कंपनीच्या वकिलाला आजच सांगा. उशीर वाढेल तसं प्रकरण अवघड होत जातं.

पासपोर्टकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. गणपतीला घरी येऊन परत जाताना पासपोर्टची मुदत थोडी उरली असेल, तर आय-९४ तेवढ्याच तारखेपर्यंत मिळू शकतो, मंजुरीच्या कागदावर पुढची तारीख असली तरी. परत पोचलात की सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सीमा तपासणी खात्याच्या, साइटवर आय-९४ काढून तारीख बघा. ती कमी दिसली तर पासपोर्ट नवा करून घ्या आणि ती तारीख उलटायच्या आत कंपनीकडून मुदतवाढीचा अर्ज भरून घ्या.