आणीबाणीतले जुने पेपर कसे वाचायचे

मोठ्या लायब्ररीत 1975 ते 77 च्या पेपरांच्या बाइंडिंग केलेल्या फाइली सापडतात, मागायच्या आणि बसायचं. पण आधीच सांगतो, पहिला तासभर कंटाळा येईल, कारण सेन्सॉर, म्हणजे बातम्यांवरची सरकारी कात्री, डोळ्याला दिसतच नाही. पान गच्च भरलेलं, पंतप्रधानांचा फोटो, सरकारचा वीस कलमी कार्यक्रम, सगळं कसं छान चाललंय. म्हणून काय छापलंय ते नंतर, काय गायब आहे ते आधी शोधायचं.

त्यासाठी घरूनच तारखांची चिठ्ठी करून न्या. 26 जून 1975 च्या पहाटे जेपींना (विरोधकांचे नेते जयप्रकाश नारायण) अटक, 19 एप्रिल 1976 ला दिल्लीत तुर्कमान गेटला घरं पाडताना गोळीबार, अशा पक्क्या माहीत असलेल्या तारखा. मग पुढच्या दोन-तीन दिवसांचे अंक काढून बघा, कुठल्या पानावर किती ओळी आल्यात, आल्या तरी कुणाच्या तोंडून. दिल्लीच्या बऱ्याच पेपरांचा 26 चा अंकच निघाला नाही कारण आदल्या रात्री बहादूरशाह जफर मार्गावरच्या प्रेसची वीजच तोडलेली, सेन्सॉर नेमायला वेळ लागतो, फ्यूज काढायला कितीसा लागतो.

मग बातमीच्या सुरुवातीला एजन्सीचं, म्हणजे पेपरांना बातम्या पुरवणाऱ्या संस्थेचं नाव बघायचं. आधी पीटीआय, यूएनआय वगैरे दिसेल आणि फेब्रुवारी 1976 नंतर 'समाचार', कारण सरकारने चार एजन्सी मिळून एकच करून टाकली. एकाच दिवसाचे दोन पेपर शेजारी ठेवा आणि देशाच्या बातम्या ताडून बघा, कुठे कुठे वाक्यं जुळतात ते.

जाहिराती पट्टी घेऊन मोजा, खरंच. नंतर आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर आलं की सरकारने पेपरांची मित्र, तटस्थ, विरोधी अशी वर्गवारी केली होती आणि सरकारी जाहिराती त्या हिशोबाने जायच्या. म्हणजे एखाद्या पेपरातल्या सरकारी जाहिराती एकदम आटल्या असतील तर त्याच्या आधीच्या महिन्यांचे अग्रलेख काढून वाचा.

आता माझा आवडता भाग. लोकांनी चोरून काय छापलं. इंडियन एक्सप्रेसने 28 जूनला अग्रलेखाची जागा कोरी सोडली, मग कोरी जागा सोडायलाही बंदी आली (कोऱ्या कागदाची पण भीती बघा). मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात तर निधनाच्या छोट्या जाहिरातींत कुणी डी.ई.एम. ओक्रसी 26 जूनला वारले, बायको टी. रूथ, मुलगा एल.आय. बर्टी. इंग्रजी उच्चार करून मोठ्याने वाचा, ट्यूब पेटेल. तेव्हा छोट्या जाहिराती कधीच सोडायच्या नाहीत.

मराठी पेपर घेतले असतील तर डिसेंबर 1975 चं कराडचं साहित्य संमेलन चुकवू नका. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण म्हणजे केंद्रातले मंत्रीच, आणि तिथे बाई लेखनस्वातंत्र्यावर बोलल्या, आजारी जेपींसाठी प्रार्थना करायला लावली. यातलं कुणी काय छापलं आणि कुणी नुसती पुस्तक प्रदर्शनाची गर्दी छापली, यावरून त्या संपादकाची नस कळते.

शेवटी डिसेंबर 1976 चा एक अंक आणि फेब्रुवारी 1977 चा एक. मधे 18 जानेवारीला निवडणूक जाहीर झाली आणि सेन्सॉर सैल पडला. तोच पेपर, तोच टाइप, पण वाटतं कुणीतरी खिडकी उघडली.

माझे आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, काही म्हणा, आणीबाणीत गाड्या वेळेवर यायच्या. मी फाइली वाचून आल्यावर विचारलं, आजोबा तेव्हा तुम्ही ट्रेनने कुठे जायचात? म्हणाले, कुठे नाही रे, आपल्या गावाला स्टेशनच कुठंय, पेपरात यायचं.