मैफलीचे थेट ध्वनिमुद्रण मिक्स करताना

एकाच कलावंताच्या दोन कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली, तर एकात गायक अगदी कानाशी गातो आणि ड्रम मात्र शेजारच्या खोलीत वाजल्यासारखे वाटतात, तर दुसऱ्यात टाळ्या भरपूर असतात, पण शब्द विरून जातात. माइक कोठे होते आणि मूळ मिक्स, म्हणजे सर्व आवाजांचा एकत्र साधलेला समतोल, कोणासाठी केले होते, यावर हा फरक बहुतांशी अवलंबून असतो.

सभागृहात मिक्सरवर बसलेला तंत्रज्ञ समोरच्या श्रोत्यांसाठी मिक्स करीत असतो. ड्रम आणि गिटारचे ॲम्प मंचावरून आपल्या जोरावर ऐकू येत असतील, तर तो ते स्पीकरमध्ये कमी सोडतो आणि गळा पुढे आणतो. त्यामुळे मिक्सरच्या मुख्य आउटपुटवरून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये सभागृहात जे कमी पडत होते, तेच अधिक येते. जागा लहान असेल तर हा असमतोल जास्त जाणवतो. खुल्या मैदानात जवळजवळ सारेच स्पीकरमधून जात असल्याने तेथील रेकॉर्डिंग पुष्कळ बरे निघते.

म्हणून शक्य असेल तेव्हा प्रत्येक माइक स्वतंत्र ट्रॅकवर, इक्वलायझर (स्वराचा पोत बदलणारे नियंत्रण) आणि फेडर (पातळी कमी-जास्त करणारी सरकपट्टी) यांच्या आधीच घ्यावा. 24 बिटमध्ये सरासरी पातळी उणे 18 डेसिबलच्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या 18 डेसिबल खाली, आसपास ठेवली तरी काही बिघडत नाही. साउंडचेकला हात राखून वाजवणारा वादक कार्यक्रमात किती जोर लावील याचा नेम नसतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. श्रोत्यांच्या दिशेने दोन माइक लावावेतच. ते नसले, तर टाळ्यासुद्धा गायकाच्या माइकमधून, दुरून आल्यासारख्या ऐकू येतात.

हे माइक मंचापासून 30 मीटरवर असतील, तर सेकंदाला सुमारे 343 मीटर वेगाने जाणारा ध्वनी तेथे जवळजवळ 87 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि मिक्समध्ये प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू येतो. स्नेअरचा (ड्रम संचातील कडक वाजणाऱ्या ड्रमचा) एखादा स्वच्छ ठोका निवडून दोन्ही ट्रॅकवरील त्याची लाट मोठी करून पाहावी आणि श्रोत्यांचा ट्रॅक तेवढा आधी सरकवावा. मी स्वतः दहा-पंधरा मिलिसेकंदांचे अंतर मुद्दाम राखतो, कारण पूर्ण जुळवले की जागेची खोली हरवते.

खरी कसोटी गायकाच्या माइकची असते, कारण गाणे थांबले तरी त्यात झांजा शिरतच राहतात. तेथे ट्रॅक पूर्ण बंद केला, तर झांजांचा पोत एकाएकी बदलतो आणि कान लगेच दचकतो; त्यापेक्षा पातळी 6 ते 8 डेसिबल उतरवावी. मोठ्या-लहान आवाजांतील अंतर कमी करणारा कंप्रेसरही बेताने वापरावा, कारण तो गळ्याबरोबर झांजाही वर खेचतो. रीव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, सर्वांत शेवटी द्यावा. श्रोत्यांचे माइक असताना त्याची गरज अनेकदा उरत नाही.

मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक माइकचे स्वतंत्र रेकॉर्डिंग, नसेल, तर मिक्सरवरचे रेकॉर्डिंग आणि श्रोत्यांतून केलेले रेकॉर्डिंग एकत्र करता येते. मात्र दोन यंत्रांच्या गतीत दशलक्षात 20 भागांचा फरक असला, तरी तासाभरात 72 मिलिसेकंदांची तफावत पडते. त्यामुळे आरंभी एकदा जुळवून भागत नाही, प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला पुन्हा जुळवावे लागते.